रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ४१. थोरला मुलगा बारावीला, धाकटी तेरा वर्षांची. हे बोटीवर असतात, वर्षातले आठ-नऊ महिने. घरी सासूबाई, मी आणि मुलं. आमचा बचत गट आहे, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी करतो. जूनमध्ये गटाच्या खोलीवर बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. मला काही त्रास नव्हता, सगळ्या गेल्या म्हणून मीही गेले. माझ्या फोनला घरात रेंज नसते म्हणून फॉर्मवर मुलाचा नंबर दिला. सव्वा महिन्यानं रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर आला. त्यानं तो इंटरनेटवर शोधून वाचला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, तुझं काहीतरी आलंय, पण घाबरू नको." त्याचेच डोळे भरले होते. रिपोर्टात "एलएसआयएल" असं आहे, खाली "एचपीव्हीचे बदल, कोल्पोस्कोपी करावी".

एका दवाखान्यात दाखवलं. ते म्हणाले, मुलं झालीत, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. माझी जाऊ तर म्हणते, ही शिबिरंच गिऱ्हाइकं शोधायला घेतात. मोठ्या हॉस्पिटलात फोन केला तर तारीख नेमकी गणपतीत मिळते. आमच्याकडे गौरीही असतात. दिवाळीनंतर गेलं तर चालेल का? हा कॅन्सरच आहे का? आणि एक गोष्ट लिहायला लाज वाटते. मुलानं वाचलं की हा विषाणू संबंधातून येतो. हे बाहेर असतात. मी काय समजायचं? त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही नाही. रात्रीची झोप गेली आहे.
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आधी तुमच्या मुलाचं. दोन दिवस त्या पोरानं एकट्यानं काय काय वाचलं असेल, देव जाणे. आज संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि सांगा, एलएसआयएल म्हणजे कॅन्सर नव्हे. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. आणि पुढच्या शिबिरात फॉर्मवर नंबर स्वतःचाच द्या. बाजारात गेल्यावर रेंज येते ना? मग तेव्हा येईल रिपोर्ट. दोन दिवस उशिरानं काही बिघडत नाही.

आता तुमचं. शिबिरात गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी ब्रशनं हलक्या हातानं घेतात, काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हीच पॅप तपासणी. पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरांवरून ते नाव पडलं, आणि त्यांच्या पत्नी मेरी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्यांना देत राहिल्या, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. तुमच्या रिपोर्टातला पहिला 'एल' लो या शब्दाचा. लो म्हणजे सौम्य. पेशींचं रूप थोडं बदललंय, एचपीव्ही या विषाणूची खूण त्यांच्यावर दिसतेय, इतकंच त्यात लिहिलंय. याच्या वरची पायरी एचएसआयएल. तोही कॅन्सर नव्हे, पण त्याला तसंच सोडत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर त्याच्याही पुढे. लागण झाल्यापासून तिथवर पोचायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती कमी असेल तर वाट छोटी होते, म्हणून तसं काही असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगायचं.

पावसात आपल्या चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ धरतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जातं. बहुतेकींचं एलएसआयएल असंच जातं. वर्ष-दोन वर्षांत शरीरच विषाणूला दाबून टाकतं, औषध लागत नाही. खरं म्हणजे त्यावर औषध नाहीच, तेव्हा 'विषाणू मारणाऱ्या' गोळ्यांवर आणि काढ्यांवर पैसे घालवू नका. पण कधी कधी त्याच गडग्याच्या फटीत पिंपळाचं रोप धरतं. दोन पानांचं असताना ते चिमटीत उपटून येतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर गडगाच उतरवावा लागतो. ब्रशनं घेतलेला नमुना वरवरचा असतो, त्यात सौम्य दिसलं तरी एखाद्या ठिकाणी जास्त बदल लपलेला असू शकतो. कोल्पोस्कोपी करायची ती त्या फटी नीट बघायला.

त्या नावानं घाबरू नका. कोल्पोस्कोप म्हणजे दुर्बिणीसारखं भिंग, स्टँडवर बसवलेलं. ते शरीराच्या बाहेरच राहतं, आत घालतात तो फक्त पॅपच्या वेळचाच चिमटा. मग गर्भाशयाच्या तोंडावर व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं. बदललेला भाग मिनिटभरात पांढरट दिसू लागतो. त्यानंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग नाचणीच्या भाकरीसारखा गडद तपकिरी होतो, आणि ज्यानं रंग धरला नाही तो फिका पिवळा राहतो. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. संशय वाटला तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, ती बायोप्सी. चिमटा बसल्यासारखं होतं, पाळीतल्यासारखी कळ येते. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं.

यातलं पुस्तकात न मिळणारं थोडं सांगते. साडी किंवा परकर घालून जा, सलवार पुरी उतरवावी लागते आणि मग बाई निम्मी धास्तावते ती तिथेच. पॅड बरोबर ठेवा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या-मलम नको. रक्त थांबायला कधी एक लेप लावतात, त्यानं नंतर दोन-तीन दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी जातं. हे न सांगितल्यामुळे माझ्याकडे एक बाई मध्यरात्री रिक्षा करून आली होती, आत काहीतरी कुजलं असं समजून. थोडे डाग चार-सहा दिवस पडतात. आठवडाभर संबंध टाळा, भरल्या कळशा दुसऱ्या कुणाला उचलू द्या. पॅड भरून वाहू लागलं, ताप आला किंवा घाण वास आला तर मात्र लगेच परत जा. आणि निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून दोन गोष्टी विचारा : मशीन चालू आहे ना, आणि ते बघणाऱ्या डॉक्टर त्या दिवशी आहेत ना. एसटीनं तीन तास जाऊन हात हलवत परतलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आरोग्य खात्याच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा तिथेही चौकशी करा.

बायोप्सीत बदल सौम्यच निघाला तर काहीही करायचं नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण वर्षानं परत तपासणी, एवढाच उपचार. जास्त बदल निघाला तर तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा विजेच्या तारेच्या बारीक वेटोळ्यानं काढतात. बहुतेकींना पूर्ण भूलही द्यावी लागत नाही, त्याच दिवशी घरी.

म्हणजे पिशवी काढायचा प्रश्न येतो कुठे? एलएसआयएलसाठी पिशवी काढू नये, हे मी जरा आवाज चढवूनच सांगते आहे. एक तर त्यानं विषाणू जात नाही, योनीच्या आतल्या भागात राहू शकतो. दुसरं, बायोप्सी न करता पिशवी काढली आणि आत खरोखर कॅन्सर निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते, कॅन्सरची शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी असते. झाकून ठेवलेलं भांडं न उघडता चुलीत टाकण्यातला प्रकार. आणि चाळिशीत पिशवी, त्यातून अंडाशयांसकट गेली तर हाडं, झोप, गरमीचे झटके, सगळंच लवकर मागे लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. "मुलं झालीत ना" हे वैद्यकीय कारण नव्हे. पुन्हा कुणी म्हणालं तर विचारा, "बायोप्सीत काय आलंय?" नुसत्या त्या प्रश्नानं पुष्कळ गोष्टी थांबतात. बायोप्सी झाली की तिचा मेणातला ठोकळा आणि काचा लॅबकडे असतात, दुसरं मत हवं असेल तर मागून घेता येतात.

जाऊबाईंना सांगा, शिबिरं सगळी सारखी नसतात, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण तपासणी मात्र आपल्याच मराठी बायकांवर पारखली गेली आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्याजणींची दर दोन वर्षांनी फक्त ॲसिड लावून, नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या साथीनं झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं आठ वर्षांतले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ते २००९ मध्ये छापून आलं. ओळीत उभं राहून, लाज गिळून तपासून घेतलेल्या त्या बायकांमुळे आज मी तुम्हाला हे छातीठोक सांगू शकते.

आता जे लिहायला लाज वाटली ते. लिहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण असली पत्रं मला न लिहिलेल्या शब्दांतूनच ओळखावी लागतात. हा विषाणू संबंधातून येतो, हे खरं. विहिरीच्या पाण्यातून, संडासातून, एकमेकींचे कपडे वापरून येत नाही. पण तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. ज्यांचा कधीही संबंध आला आहे अशा बहुतेक बायकापुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी भेटतोच. लक्षण काही नसतं. वर्षानुवर्षं गप्प राहून चाळिशीत डोकं वर काढतो. तुमच्या लग्नाला वीस वर्षं झाली असतील. तो लग्नाच्या पहिल्या वर्षीचा असू शकतो, त्याआधीचा असू शकतो, त्यांच्याकडून असू शकतो. रिपोर्ट म्हणजे पंचनामा नव्हे. ह्यांच्याविषयी तुमच्या मनात दुसऱ्या कशामुळे शंका असेल तर ती वेगळी गोष्ट, ती वेगळी बोला. पण हा कागद पुरावा म्हणून त्यांच्यापुढे टाकू नका, तो पुरावा नाही. आणि उलटही लक्षात ठेवा : उद्या त्यांनीच तुम्हाला "हे तुला कुठून आलं?" असं विचारलं, तर हेच उत्तर त्यांनाही लागू.

त्यांना सांगावं का? मी म्हणेन, सांगा. बोटीवरच्या माणसाला अर्धवट बातमी फार छळते, म्हणून पूर्ण सांगा : "तपासणीत सौम्य बदल निघालाय, कॅन्सर नाही, अमुक तारखेला नीट बघायला जाणार आहे." पुरुषांसाठी या विषाणूची नेहमीची अशी तपासणी नसते, तेव्हा त्यांनी तिकडे काही करून घ्यायची गरज नाही. बिडी-सिगारेट तुम्ही ओढत नसालच, पण घरात कुणी ओढत असेल तर बाहेर घालवा, धुरानं हा विषाणू हटायला वेळ लागतो. मशेरी लावत असाल तर तीही सुटू द्या, तोंडासाठी म्हणून. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला तुमच्या सासूबाई माहीत नाहीत. मात्र एसटीत शेजारी बसायला एक बाई हवी. जाऊबाई चालतील, वाटेत वाद घालायलाही उपयोगी.

आणि गणपती. एलएसआयएलला तीन-चार आठवड्यांनी फरक पडत नाही. बाप्पा आणि गौरी जाऊ देत. पण दिवाळीनंतर नको. मी आपल्या कॅलेंडरला चांगली ओळखते. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, मग जत्रा, मग काजू-आंब्याचा मोहोर, मग शिमगा, मग तुमची आंबापोळी. कोकणातल्या बाईला रिकामा महिना कधी येतो? आजच फोन करून तारीख बदलून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेननं गोल करा.

गोल कुठे करायचा, यात एक गोम आहे. गणपतीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणार असाल (आमच्या पिढीत सगळ्याच घ्यायच्या, बोलायचं कुणी नाही), तर गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पाळीत ही तपासणी नीट होत नाही. म्हणून विसर्जनानंतर साधारण दहा-बारा दिवसांची तारीख घ्या. डॉक्टरांनाही गोळ्यांचं सांगा.

झोपेबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून माझं एक सांगते. २००४ मध्ये मी ४३ वर्षांची होते. रत्नागिरीत माझा दवाखाना भरात होता, रोज दोन-चार बायकांना तपासणीला पाठवत होते. एकदा स्वतःचा नमुना मुंबईच्या मैत्रिणीकडून तपासून घेतला. रिपोर्ट आला तो तुमच्यासारखाच, एलएसआयएल. मी तो घडी करून कपाटात, सोन्याच्या पावत्यांच्या खाली ठेवला. सात महिने. नवऱ्यालाही सांगितलं नाही. रोज इतरांना "अंगावर काढू नका हो" म्हणत होते आणि स्वतः काढत होते. मी डॉक्टर, म्हणजे मला तर सगळे दहा टक्के, वीस टक्के पाठ. त्या पाठांतरानं एक रात्रही झोप लागली नाही. शेवटी त्या मैत्रिणीनं फोनवर मला शिवी दिली तेव्हा कोकणकन्येचं तिकीट काढलं. रत्नागिरीत कुणाला कळू नये म्हणून मुंबई! कोल्पोस्कोपीत एका कोपऱ्यात मधल्या पायरीचा बदल निघाला. वेटोळ्यानं तेवढा भाग काढला, वीस मिनिटं लागली. रात्रीच्या गाडीनं परत आले आणि गाडीत जी झोप लागली ती रत्नागिरी स्टेशनवर कुणीतरी हलवून उठवेपर्यंत. तपासण्या अजून चालू आहेत. एकदा उपचार झाला की त्या वर्षानुवर्षं करायच्या असतात.

ता. क. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगते. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात दिली तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनच डोस लागतात, पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून आपल्याकडे आहे. १६ आणि १८ या दोन जातींमुळे या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के होतात, आणि त्या दोन्हींपासून ती वाचवते. तुमचं एलएसआयएल तिनं बरं होणार नाही, तो तिचा उपयोग नव्हे. मुलीला मात्र द्या.

*

प्रश्न : मी मालवणची, वय ६२, निवृत्त शिक्षिका. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. पॅपच्या रिपोर्टात शेवटी 'मॅलिग्नन्सी' असा शब्द आहे. पुतण्या म्हणतो, म्हणजे कॅन्सर. पूर्ण ओळ देवनागरीत लिहिते : "निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लीजन ऑर मॅलिग्नन्सी". दुसरं काही विशेष नाही. गेल्या महिन्यात दोनदा परकराला किंचित डाग दिसला, पण ते वयानं होत असेल.

उत्तर : बाई, तुम्ही शिक्षिका, आणि ओळ शेवटाकडून वाचलीत! पहिला शब्द 'निगेटिव्ह'. पुढचं काहीही सापडलं नाही, असा त्या ओळीचा अर्थ. पॅपचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आहे. पुतण्याला सांगा.

पण तुमच्या पत्रातली माझ्या कामाची ओळ शेवटची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंबही रक्त दिसलं, तर ते वयानं होतं असं धरायचं नसतं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, आतली त्वचा कोरडी होऊन खरचटल्यासारखी झालेली असते. पण ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातूनही येऊ शकतं, आणि पॅप तपासणी ते अस्तर बघतच नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट हातात आहे म्हणून घरी बसू नका. गुहागरच्या ताईंना मी गणपतीनंतरची तारीख घ्यायला सांगितली. तुम्ही गणपतीची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.